वायरलेस चालत नाही

मुरलीधर खासनीस खोटं बोलत नसत. हा त्यांचा सद्गुण आहे असं त्यांच्या घरच्यांचं मत नव्हतं. चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी उभं आयुष्य मोजमापाची उपकरणं तपासण्यात घालवलं. कुठल्या तरी कारखान्यातून दाबमापक यायचा, खासनीस तो प्रमाणित यंत्राला जोडायचे आणि काटा किती चुकतो ते लिहून द्यायचे. काटा चुकत असेल तर चुकतो, मग तो मंत्र्याच्या मेहुण्याच्या कारखान्यातला का असेना. हीच पद्धत ते घरीही चालवत. आमटी खारट झाली असेल तर ते किती खारट तेही सांगत. एकदा त्यांच्या बायकोच्या, वंदनाबाईंच्या, बहिणीने नवी साडी नेसून "कशी दिसते?" असं विचारलं. खासनीसांनी नीट बघून उत्तर दिलं. त्यानंतर ती बहीण नागपूरहून चंदीगडला पुन्हा आली नाही.

एकुलत्या एका मुलीच्या बाबतीतही असंच काहीतरी झालं. नेत्रा चंदीगडलाच जन्मली, वाढली, इंजिनिअर झाली. आईवडिलांचं मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर हिंदीत येई. तिने पुढे एम.टेक. करावं, पीएच.डी. करावी आणि एखाद्या प्रयोगशाळेत सन्मानाने बसावं असं खासनीसांच्या मनात होतं. नेत्राने बंगलोरला नोकरी धरली. अमेरिकेतल्या लोकांचे कॉम्प्युटर बिघडले की ते फोन करणार आणि हिने इथे बसून ते कसे दुरुस्त करायचे ते सांगायचं, असं ते काम होतं.

"टेलिफोन ऑपरेटर व्हायला तुला इंजिनिअर केलं नव्हतं," खासनीस म्हणाले. तेही घरी म्हणाले नाहीत, चंदीगड स्टेशनवर, शताब्दीच्या दारात म्हणाले. गाडी हलली, त्यामुळे पोरीला उत्तर द्यायलाही सवड मिळाली नाही. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं.

वर्ष उलटून गेलं. दर रविवारी सकाळी नेत्राचा फोन यायचा आणि तो वंदनाबाई घ्यायच्या. खासनीस शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचे. फोन चालू असेपर्यंत पान काही उलटायचं नाही. "बाबा ठीक हैं?" "बरे आहेत." एवढ्यावर त्यांचा विषय संपायचा. खासनीसांना पोरीची आठवण यायची, अगदी पोटातून यायची. पण ते वाक्य मागे घ्यायचं तर ते चुकीचं होतं असं म्हणायला हवं, आणि ते चुकीचं होतं की नाही हे त्यांनी अजून तपासलेलं नव्हतं. न तपासता सही करायची त्यांना सवय नव्हती.

नेत्रा जाताना आपला जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली होती. २००७च्या उन्हाळ्यात त्यातल्या विंडोजला व्हायरसने असं काही पछाडलं की घड्याळसुद्धा उलटसुलट दाखवू लागलं. खासनीसांच्या हाताखालच्या नरेश सूदने ते उघडून पाहिलं आणि हे विंडोज कॉलेजच्या पोरांनी एकमेकांना वाटलेलं, म्हणजे चोरीचं आहे, असं सांगितलं. ते ऐकल्यावर खासनीस त्याला हात लावेनात.

"सर जी, लिनक्स डाल लो," नरेश म्हणाला. "फ्री है, व्हायरस का झंझट नहीं, और चोरी का तो बिलकुल नहीं."

विंडोजच्या जागी चालणाऱ्या या लिनक्सची गंमत अशी की ते एकच एक नसतं. ज्याला हौस आहे तो आपापलं लिनक्स बांधतो आणि त्याला स्वतःचं नाव देतो. अशा प्रत्येक प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात. गोडा मसाला जसा घरोघरी वेगळा आणि प्रत्येक घराला आपलाच खरा वाटतो, तसलाच हा मामला आहे. नरेशने उबुंटू नावाच्या डिस्ट्रोची सीडी आणून दिली. खासनीसांनी ती लॅपटॉपमध्ये घातली, कॉम्प्युटरने जे जे विचारलं त्याची खरी उत्तरं दिली, आणि संध्याकाळपर्यंत विंडोज पुसलं जाऊन लिनक्स आलं. पडदा दिसत होता, आवाज येत होता, पत्त्यांचा डावसुद्धा होता. फक्त वायरलेस चालत नव्हतं.

इंटरनेटची वायरलेस पेटी फोनच्या टेबलावर डोळे मिचकावत बसलेली होती. लॅपटॉपच्या कडेला एक दिवा होता. विंडोज असताना तो निळा असायचा. आता तो नारिंगी झाला होता. आतली चिप ज्या कंपनीने बनवली तिने लिनक्ससाठी ड्रायव्हरच, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅमच, दिलेला नाही, असं नरेशचं म्हणणं पडलं. "केबल लगा लो, सर जी. टेबल पर बैठ के इंटरनेट देखो, क्या फरक पड़ता है?" केबल लावली की इंटरनेट खरोखरच चालायचं. पण यंत्रावर दिवा आहे आणि तो चुकीचा रंग दाखवतोय, ही गोष्ट खासनीसांच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. ते हात धुऊन त्या दिव्याच्या मागे लागले.

रविवारी फोन आला तेव्हा पेपरऐवजी त्यांच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"काही नाही गं," वंदनाबाई फोनवर सांगत होत्या, "तुझे बाबा त्या डबड्यात डोकं घालून बसून राहिले. लिनक्स का काय टाकलं, तर आता वायरलेस चालत नाही म्हणतात."

पलीकडून नेत्रा म्हणाली, "पूछो, चिप कौन सी है."

"चिप कोणती, विचारते."

"ते कसं बघायचं ते मला माहीत नाही म्हणावं," खासनीस लॅपटॉपकडे बघत म्हणाले.

"त्यांना नाही माहीत."

"उनसे बोलो टर्मिनल खोलें. काली खिड़की आएगी."

अशी ती निरोपानिरोपी चालली. काळी खिडकी उघडली. वंदनाबाई एकेक अक्षर कानातून घेऊन तोंडातून पुढे देऊ लागल्या. "एल लिहा म्हणते. आता एस."

"मोठं की छोटं?"

"मोठं की छोटं, विचारून राहिले."

"छोटा, आई. सब छोटे."

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. वंदनाबाईंनी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात कोंबला. "माझी डाळ लागून राहिली बाप्पा. तुमचं तुम्ही बघा." त्या आत गेल्या. कुकर बंद करायला कितीसा वेळ लागतो, पण त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

खासनीसांनी रिसीव्हर कानाला लावला. पोरीशी बोलायची वेळ आली तर काय बोलायचं याची त्यांनी वर्षभर जुळवाजुळव केली होती. त्यातलं काहीही या ठिकाणी उपयोगाचं नव्हतं.

"एस झालं," ते म्हणाले.

"अब पी," नेत्रा म्हणाली. "फिर सी. फिर आय. फिर एंटर."

त्या दिवशी वायरलेस चाललं नाही. पुढच्या रविवारीही नाही. लिनक्सला ड्रायव्हर नाही तर विंडोजचाच ड्रायव्हर आणून तो लिनक्सच्या गळी उतरवायचा, अशी एक युक्ती नेत्राला ठाऊक होती. ती फोनवरून बोले आणि खासनीस दोन बोटांनी टाइप करत. चुकलं की ती म्हणे, "कोई बात नहीं, बाबा, फिर से." पुन्हा चुकलं की पुन्हा तेच म्हणे, आणि त्याच आवाजात म्हणे. खासनीसांनी लॅबमध्ये दोन पिढ्यांना काम शिकवलं होतं आणि दोन्ही पिढ्या ते जिन्यात दिसले की लिफ्टची वाट बघत उभ्या राहायच्या. आपण कोणाला कधी "काही हरकत नाही" म्हणालो होतो का, हे त्यांना आठवेना. पोरगी कामात तयार आहे, एवढी नोंद त्यांनी मनात केली. सही मात्र राखून ठेवली.

मधेच कॉम्प्युटर विचार करायला बसे आणि पडद्यावरून अक्षरं भराभर वर सरकत राहत. त्या वेळात काहीतरी बोलावंच लागे. त्यामुळे नेत्राच्या घरमालकाने गच्चीला कुलूप घातलंय आणि कपडे खोलीतच वाळतात, हे खासनीसांना कळलं. ती संध्याकाळी दहीभात खाऊन कामाला निघते हे कळलं. रात्रीच्या पाळीनंतर झोप लागत नाही हेही कळलं, आणि त्या दिवशी त्यांनाही दुपारी झोप लागली नाही.

शेवटी एका रविवारी त्यांनी एंटर दाबलं आणि दिवा निळा झाला.

"निळा झाला," खासनीस म्हणाले.

"हो गया? बाबा, हो गया!" बंगलोरला कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बहुधा तिनेच. खासनीसांना इतका आनंद झाला की त्यांनी तो व्यक्त केला. "छान," ते म्हणाले.

"चलो फिर, रखती हूँ," नेत्रा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन वंदनाबाईंनीच घेतला. खासनीस तयारीने शेजारी बसले होते. "बाबा ठीक हैं? वायरलेस चल रहा है?" "हो, चालून राहिलं," वंदनाबाई म्हणाल्या. मग मायलेकी कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत राहिल्या. रिसीव्हर जागेवर गेला. खासनीस निळ्या दिव्याकडे बघत बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झालं. दोष कुठे आहे ते त्यांना आता स्पष्ट दिसत होतं. वायरलेस चालत होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने खुशाल "चालत नाही" अशी थाप मारली असती. खासनीसांनी तो विचार करून बघितला. चालणाऱ्या उपकरणाला न चालणारं म्हणायचं, हे त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. मग त्यांना एक सचोटीचा मार्ग सापडला. सोमवारी ते नरेशला म्हणाले, "नरेश, कोई दूसरा लिनक्स है क्या?"

"पहलेवाले में क्या खराबी है, सर जी?"

"खराबी नहीं है," खासनीस म्हणाले. ते खरंच होतं.

नरेशने फेडोरा दिली. शनिवारी खासनीसांनी चांगलं चाललेलं उबुंटू स्वतःच्या हाताने पुसून टाकलं आणि फेडोरा चढवली. दिवा नारिंगी झाला. रविवारी ते फोनच्या जवळ जाऊन बसले, आणि घंटी वाजल्यावर त्यांनी स्वतःच रिसीव्हर उचलला.

"वायरलेस चालत नाही," ते स्वच्छ मनाने म्हणाले.

फेडोरा पंधरवडाभर पुरली. मग सुसे आली, ती गणपतीपर्यंत टिकली. मग मॅन्ड्रिवा. प्रत्येक डिस्ट्रोचं कुलूप निराळं, किल्ली निराळी, आणि नेत्रा न कंटाळता किल्ली शोधून द्यायची. दिवा निळा झाला की खासनीस आनंदाने "छान" म्हणायचे आणि सोमवारी नरेशच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे. लॅबमध्ये त्यांचं लिनक्सचं ज्ञान फार खोल आहे असा बोलबाला झाला. मोहालीहून एक प्राध्यापक त्यांना भेटायला आले. चार वेगवेगळी लिनक्स घालून ती काढून टाकणारा माणूस नक्कीच कशाच्या तरी शोधात असणार, असं त्यांना वाटत होतं.

डिस्ट्रो घालताना-काढताना आपल्या लेकीची नोकरी नेमकी काय आहे ते खासनीसांना कळत गेलं. एकदा अक्षरं वर सरकत असताना नेत्रा म्हणाली, टेक्सासची एक बाई आहे, तिच्या मशीनला काहीच झालेलं नसतं, तरी ती फोन करते. वरिष्ठ म्हणतात, असले कॉल लगेच संपवा.

"मग तू काय करतेस?" खासनीसांनी विचारलं.

"सुनती हूँ. कुछ न कुछ तो खराब होता ही है."

खासनीसांच्या कानशिलावर घाम आला होता, आणि चंदीगडला तेव्हा स्वेटर निघाले होते.

मग अनर्थ झाला. उबुंटूची नवी आवृत्ती निघाली. खासनीसांनी ती शनिवारी मोठ्या आशेने घातली. कॉम्प्युटरने स्वतःच विचारलं, तुमच्याकडे अमुक चिप आहे, तिचा ड्रायव्हर आणू का? खोटं बोलता येत नसल्यामुळे खासनीसांनी हो म्हटलं. दिवा निळा झाला. कोणी काही सांगितलं नाही, शिकवलं नाही, आणि दिवा निळा.

ते तसेच स्कूटर काढून नरेशच्या घरी, थेट पंचकुल्याला गेले. "इससे पुराना कुछ है?" त्यांनी दारातच विचारलं.

"सर जी," नरेश जपून म्हणाला, "लोग पुराने से नए पर जाते हैं."

"मला जुनं पाहिजे," खासनीस मराठीतच म्हणाले. नरेशला मराठी येत नव्हतं, पण तो चेहरा बघून त्याने जुन्या सीडींचा डबाच काढून दिला.

रात्री जेवताना वंदनाबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला आणि हात तसाच ठेवला. "अहो, पोरीशी बोलायचं तर सरळ बोला नं. त्या बिचाऱ्या डबड्याला काहून छळून राहिले?"

"काय बोलू?" खासनीसांनी विचारलं. तो चिडून विचारलेला प्रश्न नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर पाहिजे होतं. वंदनाबाईंनी भातावर वरण वाढलं.

डिसेंबरात नेत्रा आठवड्याच्या रजेवर घरी आली. धुक्यामुळे गाडी उशिरा आली, स्टेशनवर बापलेक समोरासमोर उभे राहिले. "बॅग दे," खासनीस म्हणाले. "भारी है," ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत तेवढंच. जेवणाच्या टेबलावरही मीठ आणि लोणचं यांपलीकडे गाडी गेली नाही. फोनवर तासन्‌तास बोलणारी ही दोघं एका खोलीत बसवली की एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागत होती. वंदनाबाईंना रडावं की हसावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी नेत्राने पर्समधून अंगठ्याएवढी एक वस्तू काढली. "आपके लिए लाई हूँ," ती म्हणाली. बाहेरून लावायचा वायरलेसचा तो तुकडा होता. आतली चिप चालो न चालो, हा लावला की काम झालं. "कोई भी डिस्ट्रो डालो, बाबा. ये हर जगह चलेगा. अब आपको हर संडे परेशान नहीं होना पड़ेगा."

खासनीसांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग त्यांनी तिच्यासमोर तीन डिस्ट्रो एकामागून एक घालून तपासल्या. दोष निघाला नाही. पोरगी शेजारी खुर्ची ओढून बसली होती, दोघं पुन्हा बोलू लागली होती, आणि प्रत्येक वेळी वायरलेस पहिल्याच झटक्यात चालत होतं. शेवटची डिस्ट्रोही चालली तेव्हा खासनीस पडद्याकडेच बघत म्हणाले, "मी स्टेशनवर जे बोललो होतो ते तपासलं. चूक होतं. तुझ्या कामाला फार धीर लागतो. माझ्यात तेवढा नाही."

नेत्राने त्यांच्या हातातला माऊस घेतला आणि विनाकारण दोन खिडक्या उघडून बंद केल्या. वंदनाबाई दारापर्यंत आल्या तशा परत आत गेल्या.

ती गेली. पुढचा रविवार जवळ येऊ लागला तसे खासनीस तो तुकडा लॅपटॉपमधून काढून बघू लागले. काढला की वायरलेस चालायचं नाही. पण आपणच काढायचा आणि आपणच चालत नाही म्हणायचं, हे त्यांना पटेना. शिवाय पोरीने पसंत करून आणलेली वस्तू. त्यांनी तो परत लावला. आता बोलायला कारण उरलेलं नाही, हे त्यांनी शांतपणे मान्य केलं, आणि रविवारी सकाळी ते पेपर घेऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसले.

फोन आला. वंदनाबाईंनी घेतला. थंडी, स्वेटर, घरमालक, सगळं झालं. पान उलटलं नाही. मग वंदनाबाईंनी रिसीव्हर पुढे केला. "तुम्हाला दे म्हणते."

"बाबा," पलीकडून नेत्रा म्हणाली. "वो, अपना प्रिंटर ठीक चल रहा है न?"

खासनीसांच्या घरात प्रिंटर नव्हता. कधीच नव्हता. गेल्या आठवड्यातच तिचं परतीचं तिकीट छापून आणायला दोघं मिळून सेक्टरच्या मार्केटातल्या कॅफेत गेली होती.

खासनीसांनी खोलीभर नजर फिरवली. फोनचं टेबल, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर. वंदनाबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"नाही," ते म्हणाले. "अजिबात चालत नाही."

"अच्छा. लाइट आ रही है?"

"नाही येत."

"कोई बात नहीं," नेत्रा म्हणाली. तिचा आवाज थोडा ओला झाला होता, पण घाई अजिबात नव्हती. "आप आराम से बैठ जाओ. शुरू से देखते हैं."

खासनीसांनी पेपर खाली ठेवला, खुर्ची फोनजवळ ओढली आणि ते बसले.